काळ्यावर काळं

४ जानेवारी

प्रिय दादा,

तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. फोन केला की वहिनी उचलते आणि 'ते जरा पडलेत' म्हणते. ऑगस्टमध्ये काचबिंदूचं ऑपरेशन झालं, आता जानेवारी उजाडला. माणूस किती पडून राहील? बरं, कॉमिक्सवर फोनवर बोलायचं नाही, जे काय असेल ते लिहायचं, हा नियमही तुझाच.

'दचक'चा अंक महिनाअखेर काढायचा आहे. कॉलेज ऑफिसातलं झेरॉक्स मशीन मला दोन शनिवार मिळणार आहे. पानं तयार आहेत, फक्त शेवटचं, तुझ्या 'घुबडा'च्या परीक्षणाचं पान कोरं आहे. आपले दोनशे बारा वाचक अंक मागून वाचायला सुरुवात करतात हे तुला माहीत आहे. भयकथांची कॉमिक्स काढणारे लोक आधी 'घुबड काय म्हणतंय' ते बघतात आणि मग जेवतात. गेल्या खेपेला तुझं परीक्षण नव्हतं, तर एकोणीस पत्रं आली. एकाने विचारलं, घुबड वारलं का?

सोबत 'वजनकाटा' पाठवते आहे. चोवीस पानांचंच आहे. भिंगातून वाच, हळूहळू वाच, पण वाच. घुबड नसेल तर मी अंक बंद करणार आहे. धमकी देत नाही, खरंच सांगते. एकवीस वर्षं आपण दोघांनी मिळून काढला. एकटीने काढण्यात मला काही गंमत नाही.

वहिनीला नमस्कार. तिला सांग, पाकीट उघडताना डोळे मिटून घे, मुखपृष्ठ भयंकर आहे.

तुझी,
ठमी

*

१५ जानेवारी

प्रिय ठमे,

डॉक्टरांनी डोळ्यांना विश्रांती द्यायला सांगितली आहे, म्हणून मी सांगतो आणि तुझी वहिनी लिहून घेते. काळजीचं कारण नाही. घुबड जिवंत आहे.

'वजनकाटा' वाचलं. परीक्षण देतो:

"दवाखान्याच्या बोळात एक वजनकाटा आहे. एक कारकून दर सोमवारी त्यावर उभा राहतो. तो काही जास्त खात नाही, कपडेही तेच, तरी काटा दर आठवड्याला थोडा पुढे सरकतो. सातव्या पानापर्यंत भूत कुठेच दिसत नाही, आणि तोवर हे कॉमिक उत्तम आहे. कारकुनाच्या कोटाचा मागचा भाग हळूहळू खाली ओढला जातो, जणू कुणी लहान मूल लोंबकळतंय. ते पाहून मी दचकले. चित्रकाराने कोट नीट पाहिलेला आहे. दोन्ही खांद्यांवर चुण्या कशा पडतात ते त्याला कळतं. मग सोळाव्या पानावर तो भूत दाखवतो, त्याला दात देतो, नखं देतो, आणि सगळी भीती पळून जाते. ज्याचं वजन कळलं होतं त्याचं तोंड कशाला दाखवायचं?"

कसं वाटलं ते कळव. आवडलं नसेल तर छापू नकोस.

तुझा,
दादा

*

२६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

आवडलं नसेल तर छापू नकोस? हे तू म्हणतोयस? एकवीस वर्षांत माझ्याकडून तुझा एक स्वल्पविराम हलला तर तू तीन दिवस बोलायचा नाहीस.

अरे, छप्पर उडालं! एकतीस पत्रं आली. 'ज्याचं वजन कळलं होतं त्याचं तोंड कशाला दाखवायचं' हे वाक्य एका वाचकाने टेबलावर चिकटवून ठेवलंय. खुद्द 'वजनकाट्या'च्या चित्रकाराने लिहिलं, की आजवर भूत कसं काढलंय ते सगळ्यांनी सांगितलं, कोट कुणीच पाहिला नव्हता. ऑफिसात मी सगळ्यांना सांगितलं, माझा भाऊ आहे. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

तू मात्र बदललास. पूर्वी तू शाई, कागद, छपाई यांवरच अर्धं पान घालवायचास. आता कोटाच्या चुण्या! शिवणकाम करणाऱ्या बाईबरोबर सव्वीस वर्षं संसार केल्यावर एवढा गुण लागायचाच. आणि वहिनीला सांग, सांगितलं तेच लिही. 'मी दचकले' लिहिलं होतं तिने. मी टाइप करताना 'दचकलो' केलं.

सोबत 'उसवण'. एका नवीन मुलीने स्वतः लिहून, काढून, छापून घेतलंय. पहिलंच आहे तिचं. फार फाडू नकोस तिला.

ठमी

*

१२ मार्च

प्रिय ठमे,

परीक्षण खाली आहे. तब्येत ठीक.

"'उसवण' ही दोन बहिणींची गोष्ट आहे. मोठी वारली. धाकटी तिचा झगा आपल्या मापाचा करायला घेते. संध्याकाळी शिवण उसवते, सकाळी पाहते तो शिवण पुन्हा घातलेली, आणि तीही आतल्या बाजूने. रोज थोडी पुढे. नवव्या पानावर ती शिवण झग्याच्या बाहीतून धाकटीच्या मनगटावर चढते. हे पान पाहिल्यावर मी हातातली सुई ठेवून द्यावी इतकं ते खरं आहे. एक तक्रार: चित्रात धावदोरा काढलाय. धावदोरा एक टोक ओढलं की निघून येतो. जिला आपली बहीण सोडायचीच नाही ती उलटी टीप घालेल. पुढच्या आवृत्तीत चित्रकर्तीने हे सुधारावं.

दुसरी तक्रार छापखान्याची. चौदावं पान बिघडलेलं आहे. शाई सांडल्यासारखं काळंकुट्ट, कडेपासून कडेपर्यंत. घुबडाला अंधारात दिसतं म्हणतात, पण इथे दिसण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. एवढ्या चांगल्या गोष्टीत असं पान जाऊ द्यायला नको होतं."

तुझा,
दादा

*

८ मे

प्रिय वहिनी,

हे पत्र मुद्दाम तुझ्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकते आहे, म्हणजे तुला ते दादाला वाचून दाखवावं लागणार नाही.

अंक गेला आणि आठव्या दिवशी 'उसवण'च्या चित्रकर्तीचं पत्र आलं. शिवणीबद्दल ती म्हणते, घुबडाचं शंभर टक्के बरोबर, मला लाज वाटली, सगळी पानं पुन्हा काढते आहे. आणि पुढे लिहिते: "पण चौदाव्या पानाबद्दल वाचून मला रडू आलं. त्या पानावर शाई सांडलेली नाही. मशीनवर काळं छापून आल्यावर मी प्रत्येक प्रतीवर घरी जाळीची स्क्रीन लावून, हाताने, पुन्हा काळं दिलं. काळ्यावर काळं. पान उजेडात तिरकं धरल्याशिवाय आतलं चित्र दिसत नाही. हे कुणाला कळो न कळो, घुबडाला नक्की कळेल म्हणून मी पहिली प्रत त्यांना पाठवली होती."

मी माझी प्रत खिडकीशी नेऊन तिरकी धरली. काय दिसलं ते सांगत नाही, पण प्रत माझ्या हातातून पडली.

वहिनी, दादाने एकतीस वर्षं छापखान्यात मशीन चालवलं. कागदाचा नुसता वास घेऊन तो शाई कुठली ते सांगायचा. त्याने दोनदा दिलेल्या काळ्याला सांडलेली शाई म्हणावं? डोळे कितीही अधू झाले तरी हे वाक्य त्याचं नाही. आणि मग मला ते 'दचकले' आठवलं.

खरं काय ते लिही. मी रागावलेय की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

ठमी

*

१३ मे

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र वाचलं आणि आधी गार पडले, मग सुटल्यासारखं वाटलं.

ते 'दचकले' माझंच. दोन्ही परीक्षणं माझीच. ह्यांना त्यातलं एक अक्षर माहीत नाही.

ऑपरेशन साधलं नाही. ऑगस्टच्या अखेरीपासून ह्यांना काहीच दिसत नाही. उजेड कुठून येतो तेवढं कळतं. "ठमीला कळवायचं नाही, ती रडत येईल आणि मला ते बघवणार नाही," असं म्हणाले, आणि 'बघवणार नाही' म्हणून स्वतःच विचित्र हसले. त्यानंतर हसलेलेच नाहीत. कॉमिक्सचे अकरा खोके रद्दीत घाल म्हणाले. मी हो म्हटलं आणि हातगाडीवरून दुकानात आणून कापडाच्या ताग्यांमागे लावले. घरात त्या विषयाचा शब्द काढायचा नाही, अशी ताकीद होती. खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसतात. मी म्हणायचे, अहो, खिडकीशी तरी बसा. "का?" एवढंच विचारायचे.

मग तुमचं जानेवारीचं पत्र आलं. घुबड नसेल तर अंक बंद करणार. ते वाचून दाखवायला म्हणून दारापर्यंत गेले आणि परत आले. 'नाही' म्हणून लिहायला बसले तर हात चालेना. तुमचा अंक बंद झाला असता तर ह्यांचं उरलंसुरलंही संपलं असतं, असं वाटलं.

तुम्हाला माहीतच आहे, मी किती भित्री. लग्न झाल्यावर ह्यांची कॉमिक्स मी चिमट्याने उचलायचे. 'वजनकाटा' जेवणाच्या सुट्टीत दुकानात वाचलं, कात्री हातात धरून. शेजारच्या मशीनवरच्या बाईंना म्हटलं, इथून हलू नका. पण वाचता वाचता त्या कोटाकडे लक्ष गेलं. एकवीस वर्षांचे जुने अंकही काढून वाचले, ह्यांच्यासारखं लिहायचं कसं ते शिकायला. साधलं नाही. मला कपडेच दिसतात.

तुमच्या फेब्रुवारीच्या पत्रातलं 'एकतीस पत्रं' मी दिवसातून दोनदा वाचायचे. खोटं बोलत होते हे विसरून. वन्सं, माझ्या लिहिण्याला कुणी टेबलावर चिकटवेल असं मला कधी वाटलं नव्हतं. अभिमान वाटला, त्याचीच जास्त लाज वाटते.

त्या मुलीची माफी छापा. घुबडाचा दोष नाही, एका शिंपिणीने त्याचं नाव वापरलं, असं स्पष्ट लिहा. तुम्ही द्याल ती शिक्षा कबूल.

तुमची,
वहिनी

*

१८ मे

प्रिय वहिनी,

रागावलेय. पण तुझ्यावर थोडी आणि माझ्यावर जास्त. नऊ महिने मी परीक्षणं मागत राहिले, दोन तासांच्या अंतरावर राहून दार वाजवलं नाही. 'ते पडलेत' ऐकून मला बरंच वाटत होतं, कारण मग काही विचारावं लागत नव्हतं.

आता ऐक. एकवीस वर्षांत 'दचक'मध्ये आलेली सगळ्यात चांगली दोन परीक्षणं तुझी आहेत. दादाची मी बहीण आहे, तरी सांगते. त्या मुलीने तुझ्या एका वाक्यावरून अख्खं कॉमिक पुन्हा काढायला घेतलं. दादासाठीसुद्धा कुणी हे केलं नव्हतं.

माफी मी छापणार नाही. चूक शाईची आहे, ती छापखान्यातल्या माणसाने दुरुस्त करायला हवी. दादाला सांग. सगळं. तुझ्या तोंडून.

ठमी

*

१ जून

प्रिय वन्सं,

सांगितलं.

गुरुवारी दुपारी दुकानातून लवकर आले, समोर स्टुलावर बसले आणि जानेवारीपासून सगळं एका दमात बोलून टाकलं. शेवटी तुमचा एप्रिलचा अंक वाचून दाखवला. वाटलं होतं, रडतील किंवा उठून जातील.

"माझ्या नावाने?" म्हणाले.

"हो."

"आणि शाई सांडली म्हणून लिहिलंस?"

"हो."

वन्सं, असे ओरडले! "एकतीस वर्षं मशीनवर काढली मी! दोनशे बारा माणसांना सांगितलंस, घुबडाला शाई कळत नाही? काळं पान बघून साधा संशय आला नाही तुला? मळकं होतं का? डाग बाहेर फुटले होते का? कागद फुगला होता का? काही बघितलंस की नाही?" शेजारीण दारात येऊन गेली. मला इतकी भीती कुठल्याच कॉमिकची वाटली नसेल. पण उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं, की ऑगस्टनंतर हे पहिल्यांदा एका शब्दापेक्षा जास्त बोलतायत.

मग दोन दिवस अबोला. रविवारी सकाळी चहा ठेवला तर म्हणाले, "आण ते पान. बघू काय सांडलंय ते."

तुमचं पत्र आल्यावर मला पान तिरकं धरून बघायचं होतं, पण मी मुद्दाम बघितलं नव्हतं. ह्यांच्याआधी बघायला नको वाटलं. ह्यांनी साबणाने हात धुतले, तीन वेळा पुसले, पूर्वी छापील पानाला हात लावण्याआधी पुसायचे तसे. मी समोरून पान दोन्ही हातांत ताणून धरलं. ह्यांनी एकच बोट टेकवलं, नखाची बाजू नाही, बोटाचं पोट.

"ही मशीनची शाई. सपाट." बोट सरकलं. "इथेही सपाट." मग थांबलं. "अगं."

"काय?"

"उंचवटा आहे. जाड थर आहे, स्क्रीनचा. पोरीने हाताने ओढलाय, इथे जोर कमी पडलाय बघ. ही रेघ... खाली येते. हा खांदा. बाई आहे. बसलीय. मान खाली." बोट वर गेलं. "हात वर आहे. हातात सुई. आतून बसून शिवतेय ती, आणि सुईचं टोक आपल्याकडे आहे. थांब, धागा आहे. बारीक आहे. धागा कुठे चाललाय..."

बोट धाग्यावरून हळूहळू खाली, कोपऱ्याकडे येत होतं. कोपऱ्यात माझा अंगठा होता, पान धरलेला. धागा सरळ तिथेच येत होता. ह्यांचं बोट माझ्या अंगठ्याला लागलं आणि मी किंचाळून पान टाकलं.

हे हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "जिथे वाचक पान धरतो तिथेच धागा आणून सोडलाय! काय डोकं आहे पोरीचं!" मग मी पान खिडकीशी नेऊन तिरकं धरलं. खांदा, मान, सुई, सगळं ह्यांनी सांगितलं तसंच.

त्यानंतर खुर्ची स्वतःच ओढत खिडकीशी आणली. ह्यांना मी म्हटलं, तुम्हाला राग आलाय ना माझा? म्हणाले, "आलाय. शिवणीबद्दलचं पुन्हा एकदा वाच."

पाच वेळा वाचायला लावलं.

तुमची,
वहिनी

*

९ जून

ठमे,

हे पत्र मीच सांगतोय. पुरावा म्हणून ऐक: सात वर्षांची असताना तू माझं कॉमिक बादलीत पाडलंस आणि चोरून दोरीवर चिमटे लावून वाळत घातलंस. हे तुझ्या वहिनीला ठाऊक नव्हतं. (आता झालं. — वहिनी)

तुला कळवलं नाही, ते चुकलं. डोळे गेले ते गेले. त्यावर पत्रात जास्त लिहायचं नाही. तू ये, मग बोलू.

जुलैच्या अंकात हे छाप, स्वल्पविरामासकट:

"गेल्या अंकात 'उसवण'चं चौदावं पान बिघडलेलं आहे असं लिहिलं गेलं. ते पान मी आता स्वतः वाचलं आहे, बोटांनी. एकतीस वर्षांत इतक्या धीराने दिलेलं काळं मी पाहिलं नव्हतं. चित्रकर्तीची मी माफी मागतो. — घुबड."

आणि दुसरं. ती दोन परीक्षणं माझ्या नावावर राहता कामा नयेत. मी एकवीस वर्षं भुतांच्या शाईकडे बघत बसलो, त्यांनी अंगात काय घातलंय ते एकदाही पाहिलं नाही. ती पुन्हा छाप, जिची आहेत तिच्या नावाने. नाव काय लावायचं म्हणून मी विचारलं तर लाजली. शेवटी 'टाचणी' म्हणाली. (मी लाजले नव्हते. कुकर झाला होता. — वहिनी) शेवटचं पान आता दोघांचं. ती बघून सांगेल, मी विचारीन, आणि जिथे पटणार नाही तिथे दोघांचं भांडण जसंच्या तसं छापायचं.

तुझा,
दादा

*

३० जुलै

ठमे,

सुखरूप पोहोचलो. 'दचक'च्या वाचकांच्या मेळाव्याचं कौतुक तू फोनवर एवढं केलंस की मला बोलायला जागा ठेवली नाहीस, म्हणून लिहितो. खरं तर तू पाहिलं नाहीस ते सांगायचंय.

सभागृहात हिने परीक्षण वाचलं तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो, ते तू पाहिलंस. आवाज सुरुवातीला कापत होता. कोटाच्या चुणीपर्यंत आली आणि स्थिरावला. त्या 'उसवण'वाल्या मुलीने नवीन प्रत माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "काका, उलटी टीप घातलीय. हात लावून बघा." मी बघितलं. टाके मोजता येतात. मी म्हटलं, मला काय दाखवतेस, टाचणीला दाखव, तिची सूचना होती. मग मुलगी तिच्याकडे गेली आणि मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो, आजूबाजूला लोक विचारतायत 'टाचणी कोणत्या?' आणि मी दर वेळी त्यांना नीट वाट सांगतोय.

आता बसमधलं. परत येताना मी म्हटलं, नवीन प्रत वाच. ही म्हणाली, लोक आहेत. मी म्हटलं, असू देत. सुरुवात हळू आवाजात केली. मला चित्र दिसलं पाहिजे म्हणून ती एकेक चौकट सांगते: खोली कशी, दिवा कुठे, बाईच्या बाहीला किती बटणं. पाचव्या पानापर्यंत मागच्या बाकावरचं बोलणं थांबलं. नवव्यापर्यंत बसमध्ये फक्त इंजिनचा आवाज. कुणीतरी म्हणालं, "बाई, जरा मोठ्याने." आणि ठमे, हिने मोठ्याने वाचलं. जी बाई कॉमिक चिमट्याने उचलायची, ती भर दुपारी भरल्या बसमध्ये मेलेल्या बहिणीचा आवाज काढत होती. (मी काही आवाज काढला नाही. — वहिनी) (काढला. — दादा)

आमचा थांबा आला तेव्हा चार पानं राहिली होती. हिने पुस्तक मिटलं, सगळ्यांनी हळहळ केली, आम्ही उतरलो. बस सुटली. मागून धावत पावलं आली. एक गृहस्थ आमच्या मागोमाग उतरले होते. धापा टाकत म्हणाले, "माझा स्टॉप मागेच गेला. पण ती धाकटी वाचते का, तेवढं सांगा."

ही म्हणाली, "सांगून काय उपयोग? उभे राहा."

आणि बसथांब्यावर, रहदारीत, तिने त्या अनोळखी माणसाला उरलेली चारही पानं वाचून दाखवली. एक चौकट गाळली नाही. मी दोघांच्या पिशव्या धरून शेजारी उभा होतो. येणाऱ्याजाणाऱ्यांना धक्का लागत होता, कुणी काही विचारलं की मी सांगत होतो, "थांबा जरा, माझी बायको वाचतेय."

दादा